गुंडूचा पाचवा खेळ

शुक्रवार पेठ, सोलापूर
६ सप्टेंबर २०२५

...नळाला पाणी आलं होतं त्या दिवशी, हे मला सगळ्यात आधी आठवतं. पाच दिवसांनी पाणी आलेलं आणि नेमके त्याच दिवशी तुला बघायला मंद्रूपचे पाहुणे. मी पिंप भरलं, घागरी भरल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला. उंबरा धुतला. हुग्गीचे गहू आदल्या दिवशीच कुटून ठेवले होते, ते शिजायला टाकले, गूळ किसून ठेवला. तू बाहेरच्या खोलीत नुसता बसला होतास. मी म्हणाले, "तेवढी सतरंजी झटक की." तू झटकलीस. मग म्हणाले, "निळा शर्ट घाल." तू घातलास. इतकं ऐकणारा मुलगा दिवस मावळायच्या आत पिशवी उचलून बेंगळुरूला निघून जाईल असं कुणाला वाटेल?

संगमेश, तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. तसंही फोनवर मला सुचत नाही. तू नुसतं "हं" म्हणालास की माझं पुढचं बोलणं अडतं. कागद "हं" म्हणत नाही.

मला एवढंच विचारायचं आहे, पाहुण्यांसमोर ते सांगायची काय गरज होती? मुलीचे मामा, धुळाप्पा, पान लावता लावता सहज बोलले, "पोरगं बँकेत हाय म्हणालीस नव्हं, नीलक्का?" मी म्हणाले, होय, बँकेच्या कॉम्प्युटरचं बघतो. तिथंच विषय मिटला असता. हुग्गी वाढायची बाकी होती. पण तू म्हणालास, "नाही मामा, ते काम उन्हाळ्यातच सुटलं. आता दुकानांच्या वेबसाइट करून देतो आणि उरलेल्या वेळात जुने खेळ जपतो."

"कसले खेळ? कुस्ती का काय?"

"कॉम्प्युटरवरचे. टीव्हीवरच्या कार्टूनचे खेळ असायचे इंटरनेटवर, लहान मुलांसाठी. आता ते चालत नाहीत. चॅनेल बंद पडले, त्यांनी सगळं पुसून टाकलं. आम्ही ठिकठिकाणचे लोक मिळून ते शोधतो, परत चालतील असे करून ठेवतो."

"आनि पैसं कोन देतंय?"

"कुणी नाही."

धुळाप्पांनी पान तोंडात ठेवलं, सावकाश चावलं. "म्हंजे पोरगं अजून खेळतंयच की. आमची पोरगी शाळेत शिकवती. दिवसभर पोरंच सांबाळती. घरी आल्यावर आनि एक कशाला?"

सगळे हसले. मीही हसले असेन. पाहुणे हसले की घरच्यांनी हसायचं असतं, ती रीत आहे. "बापावर गेलाय," एवढंच मी म्हणाले, ते काही वाईट म्हणून नाही.

ते गेल्यावर तू भांडला असतास तर बरं झालं असतं. तू शर्ट बदललास, घडी घातलीस आणि म्हणालास, "अप्पांचं मशीन कुठंय? मी घेऊन जातो." मग मला ते सगळं समजावून सांगत बसलास, जणू मघाशी काही घडलंच नव्हतं. गुंडू गाढवाचे पाच खेळ होते. चार सापडले, एक नागपूरच्या मुलीकडं, तीन कुणा परदेशातल्याकडं. पाचवा, 'गुंडूचा बाजार', कुणाकडंच नाही. दोन वर्षं सगळे शोधतात. आणि अप्पांनी नेट कॅफे चालवताना, इंटरनेटची लाइन गेली तरी पोरांचा हिरमोड नको म्हणून, हे खेळ मशीनवर उतरवून ठेवले होते, ते तुला आठवतं. तू तिसरीत होतास.

मी तेव्हा सांगितलं तेच परत सांगते. मशीन मागच्या दिवाळीला भंगारात घातलं. भंगारवाल्याचं नाव मला माहीत नाही, हातगाडी घेऊन फिरणारा होता. उगाच शोधत बसू नकोस.

गोण्या जास्त झाल्या की तुमचा तो गुंडू चढावर पाय पसरून बसतो आणि तोंड फिरवतो, तसं तोंड फिरवून तू दारात उभा राहिलास. मग गेलास.

जेवत जा. हुग्गी दोन दिवस पुरली. मी एकटीनं संपवली.

अव्वा


शुक्रवार पेठ, सोलापूर
१६ सप्टेंबर २०२५

संगमेश,

पत्राला उत्तर म्हणून तुझा फोनवर मेसेज आला, एका ओळीचा. "चढ फक्त पाचव्या खेळात आहे. तुला कसा माहीत?"

मला वाटलं होतं, जेवतोस का, पोचलास का, असलं काही असेल.

अप्पा होते तेव्हा बघितला असेन. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत पोरं, मागच्या खोलीत मी. भाकरी थापताना मान वर केली की पडद्याच्या फटीतून दिसायचंच. एवढं त्यात काय आहे. मी साठीला आलेली बाई, मला तुमच्या गाढवाशी काय करायचंय?

इकडं दसरा काढायला घेतला आहे. गोधड्या झाल्या, पितळेची भांडी झाली. उरलेलं घटस्थापनेच्या आत होईल. माळा मात्र ह्या वर्षी नाही काढणार, गुडघे दुखतात. काल सकाळभर वीज नव्हती, त्यामुळं सकाळ कुठं घालवायची ते कळेना. वाचनालयात गेले.

एक गोष्ट सांगते. मागच्या महिन्यात एक कादंबरी आणली होती, जाड, चांगली चाललेली. शेवटची चारपाच पानंच नव्हती. कुणीतरी फाडून नेलेली. तुला ठाऊक आहे, मी मैंदर्गीला चौथीपर्यंत शिकले, तेही कन्नड. मराठी वाचायला शिकले ती इथं आल्यावर, दुकानांच्या पाट्या आणि सामान बांधून आलेले कागद वाचून. माझ्या दृष्टीनं पुस्तक म्हणजे फार मोठी वस्तू. मला इतका राग आला की आठवडाभर मी मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या दिल्या. काय मिळालं त्याला? स्वतःला पाहिजे म्हणून पुढच्या सगळ्यांचं तोडून नेलं. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, दुसरी प्रत आता मिळत नाही, छापत नाहीत.

हे तुला कशाला सांगितलं ते मलाच कळत नाही. पत्र लांबवायला सांगितलं असेल.

मंद्रूपहून अजून निरोप नाही. येणारही नाही. ते राहू दे.

अव्वा


शुक्रवार पेठ, सोलापूर
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

संगमेश,

हे पत्र वाचून तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, आणि ते खरंच असेल.

मशीन भंगारात गेलं नव्हतं. मागच्या दिवाळीला भंगारवाला दारात आला, तेवढं खरं. मी ते पुढच्या खोलीत काढूनही ठेवलं होतं. त्याला म्हणाले, थांब, चालतंय का बघते, चालत असलं तर जास्त दे. वायर लावली. अप्पा जसं दाबायचे तसं बटण दाबलं. बराच वेळ घरघर झाली, मग पडद्यावर ते गाढव आलं आणि गळ्यातली घंटा वाजली.

अप्पा गेल्यापासून तीन वर्षांत त्या खोलीतून आवाज आला नव्हता, बाळा. मी भंगारवाल्याला जुना कूलर देऊन वाटेला लावलं.

तेव्हापासून रोज सकाळी, भाकरी झाल्या की मी खेळते. आधी माऊस कुठं न्यावा ते कळायचं नाही. गोणी उचलायला जायचे तर कोंबडी उचलली जायची. नंतर जमलं. मैंदर्गीला आमच्या शेजारी गाढवं होती, त्यामुळं ओझं किती घालायचं ते मला तुमच्यापेक्षा बरं कळतं. ज्वारीच्या दोन गोण्या आणि एक मडकं, बास. चढावर तो बसला की पोरं माऊस आपटायची, आणि तुझे अप्पा म्हणायचे, "अरे थांबा की, त्याला श्वास घेऊ द्या." मागच्या खोलीत मी ते इतक्यांदा ऐकलंय की आता गुंडू बसला की मीच म्हणते. मग तो आपोआप उठतो. बाजारात पोचला की परत घंटा.

वरून गोधडी टाकून मी ते माळ्याखालच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. तू सतरंजी झटकत होतास तेव्हा तुझ्यापासून चार हातांवर होतं. त्या दिवशीसुद्धा, नळाला पाणी यायच्या आधी, तू झोपेत असताना, मी आवाज बारीक करून एक डाव खेळले होते.

आणि दुपारी धुळाप्पा म्हणाले, पोरगं अजून खेळतंय, तेव्हा मी हसले. "हसले असेन" असं मागं लिहिलं, तसं नाही. हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. तू माझ्याकडं बघितलंस. बापावर गेलाय म्हणाले ते वाईट म्हणूनच म्हणाले, त्यांना आवडावं म्हणून. ज्या माणसाचा आवाज ऐकायला मी रोज ते गाढव चालवते, त्याच्यावर मी परक्या माणसांना हसवलं.

मग तू मशीन मागितलंस, तर कुठल्या तोंडानं काढून देऊ? गोधडी उचलली असती तर रोज हात लागून लखलखीत झालेलं बटण दिसलं असतं तुला. आणि दिलं असतं तर सकाळी मी काय केलं असतं, हेही मनात आलं. लपवत नाही. तू ते दोन वर्षं शोधतोस हे तुझ्या तोंडून ऐकूनही तेच मनात आलं.

आता आजचं सांगते.

अप्पा खंडेनवमीला काय करायचे ते तुला आठवत असेल. सगळी मशीनं पुसायची, प्रत्येकाला तीन बोटांनी विभूती, एकेक झेंडू. नारळ उंबऱ्यावर फोडायचा आणि पाण्यात बोट बुडवून मशीनला नुसतं टेकवायचं. ते गेल्यावर मी काही करत नव्हते. ह्या वर्षी वाटलं, करावं. रोज हात लावते त्याला, मग पूजा नको?

पण उंबऱ्यावर नारळ कसा फोडणार? मशीन भंगारात घातलं म्हणून मी दिवाळीलाच सगळ्या गल्लीत सांगून ठेवलेलं. समोरची मथुराबाई दारातच बसलेली असते, तिनं लगेच विचारलं असतं, आज कसली पूजा गं? म्हणून मी दार लावून घेतलं आणि आतच, मशीनच्या शेजारी पाटा मांडून त्यावर नारळ फोडला. सीपीयूचं एका बाजूचं झाकण अप्पांच्या वेळेपासूनच नाही. नारळ भरपूर पाण्याचा निघाला. पाटा मी नीट लावला नव्हता, एका कोपऱ्याला डुगडुगत होता. सगळं पाणी उडून आत गेलं.

पदरानं पुसलं. फुंकर घातली. तेवढ्यावर थांबायचं, वाळू द्यायचं, कुणाला तरी विचारायचं. पण मला धीर निघेना, बिघडलं का नाही ते आत्ताच्या आत्ता बघायचं होतं. बटण दाबलं. फट्ट करून आवाज झाला आणि खोबरं करपल्यासारखा वास आला. मग काही नाही.

दार उघडं ठेवून उंबऱ्यावर फोडला असता तर एक थेंब आत गेला नसता.

तुझ्या नागपूरच्या मुलीला, त्या परदेशातल्या लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांगितलंस तरी चालेल. शेवटची पानं फाडणारी मीच निघाले.

नीलम्मा


शुक्रवार पेठ, सोलापूर
८ ऑक्टोबर २०२५

संगमेश,

मागच्या पत्राखाली मी अव्वा लिहिलं नाही, नाव लिहिलं. ते पोस्टात टाकल्यावर लक्षात आलं. काल तुझा फोन आला तेव्हा मी घरात नव्हते. नंतर मेसेज वाचला. "बोर्ड जळला असेल, डिस्क कदाचित नाही. कुणालाही उघडू देऊ नकोस." माझ्यावर रागावलेलं एक अक्षर त्यात नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

तुझा मेसेज यायच्या आधी काय झालं ते सांगायला हवं, कारण तिथंही मी नीट वागले नाही.

दसऱ्याच्या दिवशी मी मशीन चादरीत बांधून रिक्षानं तन्वीरच्या दुकानात नेलं. तन्वीर म्हणजे आपल्या कॅफेत शेवटच्या मशीनवर बसणारा, दात पुढं असलेला. आता त्याचं चौकात मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सणाचा दिवस म्हणून गर्दी होती, नवीन फोनला काच लावून घ्यायला लोक आले होते. चादर सोडल्या सोडल्या विभूतीचे पट्टे आणि झेंडू दिसला, तर कुणीतरी म्हणालं, "मावशी, मयत आणलंय का काय?" तन्वीरनं त्याला गप्प केलं. आत बघून म्हणाला, "बोर्ड खल्लास हाय मावशी. डिस्क फिरती का बघतो." फिरली. पण वाचता येईना. त्यानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "सांगता येत न्हाई. भारी जागी पाठवावी लागंल. लई खटपट हाय. काय हाय ह्यात, म्हंजे तेवढा जीव टाकायचा का ते ठरवू."

सात-आठ माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या वयाची एक बाईही होती, नातवाबरोबर आलेली.

मी म्हणाले, "हिशेब आहेत. दुकानाचे."

आदल्याच दिवशी तुला एवढं मोठं पत्र लिहिलं होतं. पत्र अजून पिशवीतच होतं, पोस्टाला सुट्टी म्हणून. आणि मी म्हणाले, हिशेब.

तन्वीर हसला. "बंद पडलेल्या दुकानाचं हिशेब कोन मागतंय आता? सोडा की मावशी. उगाच खर्चात पडू नका. नवीन फोन देतो बघा चांगला, संगमेशला फोटो दिसतील." आणि त्यानं डिस्क टेबलाखालच्या टोपलीत टाकली, जिथं मेलेल्या बॅटऱ्या आणि वायरी होत्या.

मी काय म्हणाले असेन? "बरं," म्हणाले. चादरीची घडी घालून घरी आले.

घरी येऊन चहा ठेवला, तो उकळून आटला. मथुराबाई आपट्याची पानं द्यायला आली आणि म्हणाली, "सोन्यासारखं राहा." तिनं विचारलं, रिक्षातून काय नेलंस गं एवढं बांधून? मी तिलाही काही सांगितलं नाही. पण ती गेल्यावर मला समजलं की दिवाळीला मी जे खोटं बोलले ते आज खरं करून आले. आजवर मशीन भंगारात घातलं नव्हतं. आता घातलं होतं. आणि तेही कुणी मागितलं म्हणून नाही, सात-आठ अनोळखी माणसं हसतील म्हणून.

डिस्कवरचं काही उरलं आहे का, हे मला माहीत नाही. तन्वीरलाही नाही. नसेल तर तुझं आणि तुझ्या लोकांचं जे गेलं ते मी भरून देऊ शकत नाही. तेवढं मला कळतं.

दुसऱ्या दिवशी तन्वीरनं दुकान उघडायच्या आधीच मी जाऊन पायरीवर बसले. तो आला, चार गिऱ्हाईकं जमली, मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की त्या डिस्कमध्ये हिशेब नाहीत, लहान मुलांचे खेळ आहेत, माझा मुलगा ते जपतो आणि मी ते रोज सकाळी खेळत होते. टोपलीतून डिस्क माझ्या हातानं काढून घेतली, पोस्टात गेले, पत्र टाकलं आणि डिस्क पार्सलनं तुझ्या पत्त्यावर पाठवली.

अव्वा